वाचकांचे प्रश्न : स्वच्छ ऊर्जेची मागणी कोणासमोर मांडावी?

स्वच्छ ऊर्जा आणि हवामान बदल या विषयांवर आपापल्या राज्यात, प्रांतात किंवा जिल्ह्यात पाठपुरावा करणाऱ्या, करू इच्छिणाऱ्या आणि करून थकलेल्या वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे साचली होती. त्यांतील आठ प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे लांबलचक असल्याने प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला असून पत्रलेखकांची नावे व गावे वगळली आहेत.

प्रश्न : हवामान बदल हा साऱ्या पृथ्वीचा प्रश्न आहे आणि त्यावर देशोदेशींची सरकारे वाटाघाटी करीत आहेत. एखाद्या राज्याने किंवा जिल्ह्याने स्वतःपुरते काही केले, तर ते ‘दर्यामें खसखस’ नव्हे काय? — एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : हिशेबाच्या दृष्टीने तुमची शंका रास्त आहे, कारभाराच्या दृष्टीने मात्र ती टिकत नाही. कार्बन डायऑक्साइड एकदा हवेत मिसळला की तो कोणत्या प्रांतातला हे कोणालाच सांगता येत नाही, हे खरे. पण तो बाहेर पडतो एखाद्या ठरावीक धुराड्यातून, आणि ते धुराडे उभे राहावे की नाही, त्याला जमीन व पाणी कोणी द्यावे, त्याची वीज कोणत्या दराने आणि किती वर्षांसाठी विकत घ्यावी, शहराच्या बसगाड्या कशावर चालाव्यात, नव्या इमारतींना कोणते बांधकाम नियम लागू असावेत, हे निर्णय अनेक मोठ्या देशांत बऱ्याच अंशी राज्ये, प्रांत आणि महापालिका यांच्या हाती असतात. २०१५ चा पॅरिस करार राष्ट्रांनी केला. त्यातले शब्द खरे ठरायचे की नाही, हे या खालच्या टेबलांवर ठरते.

दुसरे असे, की प्रांतात घडवलेले साधन प्रांतातच राहत नाही. अमेरिकेतील आयोवा या शेतीप्रधान राज्याने १९८३ मध्ये एक कायदा करून तेथील दोन खासगी वीज कंपन्यांवर मिळून १०५ मेगावॉट नवीकरणीय वीज घेण्याचे बंधन घातले. आकडा किरकोळ होता. कोळशाच्या आजच्या एका मोठ्या संचाची क्षमता याच्या पाच-सहा पट असते. परंतु ‘वीज कंपनीने ठरावीक वाटा नवीकरणीय स्रोतांतून घेतलाच पाहिजे’ ही कल्पना पुढे अमेरिकेतील अनेक राज्यांच्या कायद्यांत आली, आणि भारताच्या विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ८६(१)(ई) मध्येही राज्य वीज नियामक आयोगांनी असा टक्का ठरवावा अशी तरतूद आहे. आयोवा आज आपली निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळवते.

प्रांत एकत्रही येऊ शकतात. अमेरिकेच्या ईशान्येकडील १० राज्यांनी २००९ पासून वीजकेंद्रांच्या कार्बन उत्सर्जनावर सामाईक मर्यादा घातली, उत्सर्जनाचे परवाने लिलावाने विकले आणि त्या पैशाचा मोठा भाग ऊर्जाबचतीच्या कामांना लावला. न्यू जर्सी २०११ च्या अखेरीस त्यातून बाहेर पडले आणि २०२० मध्ये परत आले. सरकार बदलले की धोरण बदलते, हेही त्यातून दिसते. प्रांत केंद्र सरकारला कोर्टातही खेचू शकतात. वाहनांच्या धुरातील हरितगृह वायूंचे नियमन करण्यास अमेरिकेची केंद्रीय पर्यावरण संस्था तयार नव्हती, तेव्हा मॅसॅच्युसेट्ससह १२ राज्ये न्यायालयात गेली. २००७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला, की हे वायू स्वच्छ हवा कायद्यातील प्रदूषकांच्या व्याख्येत बसतात. समुद्र चढल्याने आपला किनारा कमी होतो, हे नुकसान दाखवूनच मॅसॅच्युसेट्सला दाद मागण्याचा अधिकार सिद्ध करता आला. खसखशीचा दाणा निदान खटला तरी दाखल करू शकतो.

प्रश्न : आमच्या गटाने तीन वर्षांत दोन मोर्चे काढले, लोकप्रतिनिधींना निवेदने दिली, हजारो सह्या गोळा केल्या. प्रत्येक वेळी ‘योग्य ती कार्यवाही करू’ असे उत्तर मिळाले. आमचे काय चुकते? — एका नागरिक गटाचे कार्यकर्ते

उत्तर : तुम्ही सोबत पाठवलेले निवेदन वाचले. त्यात वितळणारे हिमनग आहेत, पुढच्या पिढ्या आहेत, ‘शासनाने त्वरित ठोस पावले उचलावीत’ हे वाक्य तीनदा आहे. परंतु कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेपर्यंत काय करावे, हे एकदाही नाही. अशा कागदावर आवक-जावक विभागाचा शिक्का बसतो, वर एक शेरा येतो आणि कागद नस्तीत जातो. त्या कारकुनाला दोष देता येत नाही, कारण कागदाने त्याच्याकडे मागितलेले असे काहीच नसते, जे त्याला द्यायचे किंवा नाकारायचे असेल.

विजेच्या क्षेत्रात खरे निर्णय फारच रुक्ष ठिकाणी होतात. वितरण कंपनीची दरनिश्चितीची याचिका, नव्या वीजखरेदी कराराला मंजुरी, पारेषण वाहिन्यांचा, म्हणजे वीज दूरवर वाहून नेणाऱ्या तारांचा, गुंतवणूक आराखडा, छतावरील सौरविजेच्या जोडणीचे विनियम, ही ती ठिकाणे. अनेक देशांत या गोष्टी वीज नियामक आयोगासमोर, म्हणजे विजेचे दर व करार तपासून मंजूर करणाऱ्या संस्थेसमोर, उघडपणे चालतात. भारतात विद्युत अधिनियमाच्या कलम ६४ प्रमाणे दराचा अर्ज जाहीर करावा लागतो, आणि लोकांकडून आलेल्या सर्व सूचना व हरकती विचारात घेऊन आयोगाने अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी एखाद्या व्यक्तीला प्राधिकृत करण्याचा अधिकारही कलम ९४(३) ने आयोगाला दिला आहे. अशा सुनावणीत एका बाजूला कंपनीचे अधिकारी फायलींच्या गठ्ठ्यांसह बसतात, दुसऱ्या बाजूला मोठ्या कारखानदारांचे सल्लागार असतात, आणि घरगुती ग्राहकांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांवर बहुधा पिशव्या ठेवलेल्या असतात. मोर्चाला आलेल्या हजारांपैकी तिघे जरी तयारीने तेथे बसले, तरी चित्र पालटू लागते.

तयारी म्हणजे काय, ते एका उदाहरणाने दाखवतो. समजा, याचिकेतील तक्त्यात पुढील दहा वर्षे विजेची मागणी दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढेल असे धरले आहे आणि त्या आधारे कोळशाच्या नव्या केंद्राशी २५ वर्षांचा करार करायचा आहे. त्याच याचिकेच्या मागच्या पानांवर गेल्या पाच वर्षांची प्रत्यक्ष वाढ सरासरी ४ टक्के दिसते. आज १०० असलेली मागणी ७ टक्क्यांनी दहा वर्षांत १९७ होते, ४ टक्क्यांनी १४८. मधला फरक आजच्या जवळजवळ निम्म्या मागणीइतका आहे. आता औष्णिक विजेच्या करारात दर साधारणपणे दोन भागांत असतो. इंधनाचा आकार वीज घेतली तरच लागतो. स्थिर आकार मात्र केंद्र उपलब्ध असेल तोवर, वीज उचलली नाही तरी, द्यावा लागतो. म्हणजे फुगवलेल्या अंदाजावर बांधलेले केंद्र बंद उभे राहिले तरी त्याचे पैसे पाव शतक ग्राहकांच्या बिलातून जात राहतात, आणि ते फुकट जाऊ नयेत म्हणून तेच चालवण्याकडे कंपनीचा कल राहतो, मग शेजारी स्वस्त सौरवीज असली तरी.

तुमच्या निवेदनातले वाक्य असे होते : ‘कोळशामुळे पृथ्वीचा विनाश होत असल्याने नवे औष्णिक प्रकल्प रद्द करावेत.’ त्याच मागणीचे हरकतीतले वाक्य असे असेल : ‘याचिकेतील मागणीचा अंदाज गेल्या पाच वर्षांच्या प्रत्यक्ष वाढीशी जुळत नाही, सुधारित अंदाज सादर होईपर्यंत प्रस्तावित वीजखरेदी कराराला मंजुरी देऊ नये, आणि तीच गरज सौर, पवन व साठवणूक यांच्या एकत्रित निविदेतून किती दरात भागेल, याची तुलना कंपनीने सादर करावी.’ पहिल्या वाक्याला आयोग मान डोलावेल. दुसऱ्याला आदेशात उत्तर द्यावे लागेल, आणि ते टाळले तर अपिलात तोच मुद्दा उभा राहील. तोंडी बोलायला पाच-दहा मिनिटेच मिळतात, म्हणून लेखी हरकत हाच खरा दस्तऐवज समजा. तिच्या शेवटी नेमके काय हवे, ते एका परिच्छेदात लिहा.

मोर्चे वाया गेले, असे मात्र समजू नका. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात २००३ मध्ये सुमारे चौथा हिस्सा वीज कोळशाची होती. तेथे १९९७ पासून एक नागरी आघाडी कोळसा बंद करण्याच्या मागणीसाठी काम करीत होती. १९९८ मध्ये प्रांताच्या वैद्यकीय संघटनेने धुरक्याला सार्वजनिक आरोग्याचे संकट म्हटले, आणि मागणीचे वजनच बदलले. हवामानावर बोलणाऱ्यांना ‘पुढचे पाहू’ म्हणणारे पुढारी दम्याच्या मुलांच्या आईबापांना तसे म्हणू शकत नव्हते. २००३ मध्ये निवडून आलेल्या सरकारने २००७ पर्यंत कोळसा बंद करण्याचे वचन दिले, ते मोडले, पुन्हा मुदत वाढवली, आणि अखेरीस एप्रिल २०१४ मध्ये थंडर बे येथील शेवटच्या केंद्रात कोळसा जळणे थांबले. २००५ मध्ये प्रांतात धुरक्याचे इशारे दिलेले ५३ दिवस होते. २०१४ मध्ये एकही नव्हता. याचे सारे श्रेय या एका निर्णयाला देता येणार नाही, कारण सीमेपलीकडील अमेरिकी केंद्रांचे प्रदूषणही त्या काळात घटले होते, आणि कोळशाची जागा भरली ती बरीचशी अणुऊर्जेने व नैसर्गिक वायूने. पण मोडलेल्या वचनाची तारीख दर वर्षी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवत होते, म्हणून ती तारीख विसरली गेली नाही. रस्त्यावरच्या गर्दीचे काम ते.

प्रश्न : बातम्यांत ‘१०० मेगावॉटचा सौर प्रकल्प’ असे वाचतो. त्याने १०० मेगावॉटचे कोळशाचे केंद्र बंद करता येते, असे आमच्या पत्रकात लिहिले, तर प्राध्यापकांनी ते खोडले. का? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी

उत्तर : प्राध्यापकांनी बरोबर केले. मेगावॉट ही क्षमता आहे आणि तुम्हाला हवी आहे ती वीज. वर्षाचे तास ८,७६०. रात्र, ढग आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन धरता चांगल्या उन्हाच्या प्रदेशात सौर प्रकल्प वर्षभरात क्षमतेच्या साधारण २० टक्के वीज देतो. म्हणजे १०० मेगावॉटपासून सुमारे १७.५ कोटी युनिट. तेवढ्याच क्षमतेचे कोळशाचे केंद्र ७० टक्के भाराने चालले, तर ६१ कोटी युनिट देईल. केवळ युनिटांची बरोबरी करायची झाली तरी साडेतीन पट सौर क्षमता लागेल, आणि रात्रीची सोय वेगळी करावी लागेल.

पत्रकात हवे असेल तर असे लिहा : कोळशाच्या एका युनिटमागे ढोबळमानाने एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे १०० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाने कोळशाचीच वीज हटवली, तर वर्षाला दीड ते पावणेदोन लाख टन उत्सर्जन टळते. ‘कोळशाचीच वीज हटवली तर’ हे शब्द गाळू नका. विरोधी बाजूचा अभियंता पहिला हात घालतो तो अशाच गाळलेल्या शब्दांवर, आणि एक आकडा फुगवलेला निघाला की पत्रकातले बाकीचे खरे आकडेही संशयास्पद ठरतात.

प्रश्न : आमच्या भागात पवनचक्क्या येणार आहेत. काही शेतकरी विरोध करीत आहेत. आमच्या पर्यावरण गटातील तरुण त्यांना ‘विकासविरोधी’ आणि ‘कोळशाचे दलाल’ म्हणू लागले आहेत. मला हे पटत नाही, पण पवनऊर्जाही हवी आहे. काय करावे? — एक पेचात पडलेली सदस्य

उत्तर : तुमचे न पटणे योग्य आहे. ज्याच्या शेतातून वाहिनी जाणार, ज्याच्या घरावर पात्यांची सावली फिरणार आणि ज्याला त्यातला एक पैसाही मिळणार नाही, त्याने पृथ्वीच्या तापमानाकडे पाहून गप्प बसावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. शिवाय ती चालतही नाही.

पुन्हा ओंटारिओचेच पाहा. कोळसा बंद करण्याच्या भरात २००९ मध्ये त्या प्रांताने हरित ऊर्जेचा कायदा केला आणि प्रकल्प लवकर व्हावेत म्हणून जागेविषयीच्या नियोजनाचा स्थानिक नगरपालिकांचा अधिकार काढून घेतला. वेग मिळाला, पण गावांतून संताप उसळला. अनेक ग्रामीण नगरपालिकांनी ‘आम्ही राजी नाही’ असे ठराव केले, राजकारण फिरले, आणि २०१८ मध्ये आलेल्या नव्या सरकारने तो कायदाच रद्द केला. कोळसा हटवण्याच्या कामात जनमत सोबत ठेवणाऱ्यांनी पवनचक्क्यांच्या कामात ते गमावले, हे मला त्या साऱ्या कथेतील सर्वांत बोलके प्रकरण वाटते.

याउलट डेन्मार्कचे साम्सो हे बेट. चार हजारांच्या आसपास वस्ती. १९९७ मध्ये नवीकरणीय ऊर्जेवर चालणारे बेट होण्याच्या सरकारी स्पर्धेत ते निवडले गेले, तेव्हा बेटावर फारसा उत्साह नव्हता. त्यानंतर सोरेन हर्मन्सन या स्थानिक शिक्षकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी सभांमागून सभा घेतल्या. जमिनीवर ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतील नऊ शेतकऱ्यांच्या मालकीच्या आणि दोन लहान भागधारकांच्या सहकारी मालकीच्या होत्या. पुढे समुद्रात आणखी दहा आल्या, त्यांतील पाच नगरपालिकेच्या. स्वतःचा भाग असलेली पवनचक्की फिरायची थांबली की माणूस चिडत नाही, काळजी करतो. कोपनहेगनजवळच्या समुद्रातील मिडेलग्रुंडेन येथे २००० साली उभ्या राहिलेल्या २० पवनचक्क्यांपैकी निम्म्या हजारो सामान्य भागधारकांच्या सहकारी संस्थेच्या आहेत. डेन्मार्कने पुढे काही वर्षे असा कायदाच केला होता, की नव्या पवनचक्कीचे किमान २० टक्के भाग आधी शेजारच्या रहिवाशांना देऊ करावेत.

तेव्हा तुमच्या गटाने शेतकऱ्यांशी वाद घालण्याऐवजी प्रकल्पाची कागदपत्रे त्यांच्यासोबत बसून वाचावीत. जमीन भाड्याने की कायमची, भाडे किती वर्षांनी वाढणार, रस्ता कोणाच्या बांधावरून, प्रकल्पाचे आयुष्य संपल्यावर जमिनीतले काँक्रीट काढण्याचा खर्च कोणाचा आणि त्याची ठेव आज ठेवली आहे का, हे प्रश्न दोघांचेही आहेत. काही शेतकऱ्यांचा विरोध त्यानंतरही राहील. तो राहू द्यावा.

प्रश्न : मी कोळशाच्या वीजकेंद्रात कंत्राटी कामगार आहे. तुमच्यासारखे लोक ‘केंद्र बंद करा’ म्हणतात तेव्हा आमच्या घरांचे काय, याचे उत्तर कोणाकडे असते? — एक वाचक

उत्तर : फार थोड्यांकडे असते, आणि ज्यांच्याकडे नसते त्यांनी बंदची मागणी अर्धवट मांडलेली असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट ऑगस्टा या गावाची हकीकत दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखी आहे. त्या गावाने तेथील कोळशाचे वीजकेंद्र बंद होण्याची वाट पाहिली नाही. कोळशाच्या केंद्रांच्या जागी आरशांनी उष्णता गोळा करून ती साठवणारा आणि रात्रीही चालणारा सौर-औष्णिक प्रकल्प यावा, म्हणजे कामगारांची कौशल्येही वापरात राहतील, अशी मोहीम रहिवाशांनी, कामगार संघटनांनी आणि नगरपालिकेने मिळून चालवली. २०१२ मध्ये गावकऱ्यांचे मत घेतले गेले तेव्हा चार हजारांहून अधिक मते सौर-औष्णिक प्रकल्पाला पडली आणि वायूच्या केंद्राला हाताच्या बोटांवर नव्हे, तरी अगदी मोजकी. परंतु मे २०१६ मध्ये केंद्र बंद झाले ते कंपनीच्या हिशेबाने, आधी सांगितलेल्या मुदतीच्या बरेच अगोदर. २०१७ मध्ये राज्य सरकारने १५० मेगावॉटच्या सौर-औष्णिक प्रकल्पाची घोषणा केली. २०१९ मध्ये भांडवल उभे न राहिल्याने तो रद्द झाला. मधल्या काळात राखेच्या तलावातली कोरडी राख वाऱ्याने उडून गावावर येत होती. आज त्या परिसरात वारा व ऊन यांवर चालणारे मोठे प्रकल्प आहेत, पण अशा प्रकल्पांना माणसे लागतात ती उभारणीच्या काळात. चालवायला थोडीच लागतात.

गावाने मागितले ते चूक नव्हते, अपुरे होते. प्रकल्पाच्या मागणीबरोबरच आणखी तीन गोष्टी कागदावर हव्या होत्या : बंदची सूचना किती महिने आधी, राखेचा तलाव झाकण्याचा निधी आधीच बाजूला काढलेला, आणि वीजकेंद्र बंद होण्यापूर्वीच सुरू झालेले कामगारांचे पुनर्प्रशिक्षण. तुमच्या बाबतीत चौथी गोष्टही लागेल, कारण पुनर्प्रशिक्षणासारख्या सोयींच्या यादीत कायम कामगारांचीच नावे असतात. कंत्राटदार बदलला की तुमची सेवा नव्याने सुरू होते. म्हणून हजेरीपट, वेतनचिठ्ठ्या आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक यांच्या प्रती आजपासून जपून ठेवा, आणि पर्यावरणाचा जो गट तुमच्या दाराशी येईल त्याला पहिल्याच भेटीत विचारा, की तुमच्या मागणीपत्रात कंत्राटी कामगार हे शब्द आहेत का.

प्रश्न : नवीकरणीय वीज वाढवली की दिवे जातात, असे दक्षिण ऑस्ट्रेलियाचे उदाहरण देऊन आमच्याकडचे एक वक्ते सांगतात. हे खरे का? — एक व्यावसायिक

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या खऱ्याला उत्तर देताना पुरे सत्य सांगावे लागते. २८ सप्टेंबर २०१६ रोजी त्या राज्यातील सुमारे साडेआठ लाख ग्राहकांची वीज एकाच वेळी गेली. सुरुवात झाली ती चक्रीवादळी वाऱ्यांनी. त्यांनी उच्चदाबाच्या वाहिन्यांचे वीसहून अधिक मनोरे लोळवले आणि वाहिन्यांतील बिघाडांमुळे विजेचा दाब (व्होल्टेज) अल्पावधीत अनेकदा खाली गेला. इथपर्यंत पवनऊर्जेचा संबंध नाही. पुढे मात्र आहे. काही पवनऊर्जा केंद्रांच्या यंत्रणेत अशी जुळणी होती, की ठरावीक संख्येपेक्षा जास्त वेळा दाब कोसळला तर पवनचक्कीने उत्पादन आवरते घ्यावे. काही सेकंदांत सुमारे ४५० मेगावॉट वीज कमी झाली, तिची भरपाई शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर पडली, ती वाहिनी अतिभाराने आपोआप बंद झाली आणि राज्य अंधारात गेले. त्या जुळणीची माहिती यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेला आधी नव्हती.

त्यानंतर ती जुळणी बदलली गेली. २०१७ च्या डिसेंबरात तेथे १०० मेगावॉट क्षमतेची, १२९ मेगावॉट-तास साठा असलेली बॅटरी सुरू झाली, जी तेव्हा जगातील सर्वांत मोठी लिथियम-आयन बॅटरी होती. विजेची मागणी पुरवठ्याहून वाढून वारंवारता (फ्रिक्वेन्सी) घसरली की ती सेकंदाच्या अंशात वीज सोडते. आज त्या राज्याची दोन तृतीयांशांहून अधिक वीज वारा आणि ऊन यांपासून येते. तेव्हा वक्त्यांना सांगा, की घटना खरी आहे आणि तिच्यातून निघालेली मागणीही खरी आहे : नवे प्रकल्प जोडताना त्यांची संरक्षण-जुळणी तपासा, पारेषण आणि साठवणूक यांची गुंतवणूक प्रकल्पांच्या आधी मंजूर करा. स्वच्छ ऊर्जेच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच ही मागणी सर्वांत जोरात केली पाहिजे, कारण पुढचा अंधार त्यांच्याच नावावर खपवला जाणार आहे.

प्रश्न : सौर पॅनेल विकणाऱ्या एका कंपनीने आमच्या संस्थेला देणगी देऊ केली आहे. घ्यावी का? — एका संस्थेचे कोषाध्यक्ष

उत्तर : माझ्या मते घेऊ नये. तुम्ही ज्या आयोगासमोर सौरविजेच्या बाजूने बोलणार, तेथे समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील. कार्यकारिणीने घ्यायचेच ठरवले, तर रक्कम व दात्याचे नाव प्रत्येक हरकतीच्या पहिल्या पानावर लिहा. तसे लिहायला संकोच वाटत असेल, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला मिळाले आहे.

प्रश्न : मला सभा, सुनावण्या जमत नाहीत. मी फक्त घराच्या छतावर सौर पॅनेल बसवणार आहे. याला जनवकिली, म्हणजे लोकहिताची बाजू मांडणे, म्हणायचे का? — एक गृहिणी

उत्तर : पॅनेल बसवणे ही तुमच्या घरची सोय झाली. पण त्या सोयीतून एक उत्तम दस्तऐवज तयार होऊ शकतो, आणि त्याला फक्त एक वही लागते. वहीत पहिल्या रकान्यात जोडणीचा अर्ज कोणत्या तारखेला केला ते लिहा, दुसऱ्यात पोच कधी मिळाली, तिसऱ्यात पाहणीला माणूस कधी आला, चौथ्यात दुहेरी नोंद करणारा मीटर कधी बसला, पाचव्यात बिलात तुमचे युनिट वजा होऊन येणे कोणत्या महिन्यापासून सुरू झाले. रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) क्षमता संपली म्हणून अर्ज नाकारला असेल, तर नाकारण्याचे पत्र लेखी मागा आणि वहीला टाचून ठेवा. तोंडी नकार हा नकारच नसतो, तो नुसता वेळकाढूपणा असतो.

अशा जोडणीला किती दिवस लागावेत, याची मुदत नियमांत बहुधा दिलेली असते. तुमच्या ओळखीत छतावर पॅनेल बसवलेली दहा घरे असतील, तर दहा वह्यांचे पाच रकाने एका कागदावर उतरवा. पुढच्या सुनावणीत तुम्ही जाऊ नका. तुमच्या गावातले जे कोणी जातात, त्यांच्या हातात तो कागद द्या.